अनुभव धागा: ‘ते असलेच’ म्हणत होतो ना आपण?

शहापूरची लेक
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या मंडळींसाठी हा धागा. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा, २००४ पासून सुप्रीम कोर्टात. त्यावर इथं भांडायचं नाही, बाकीचं इंटरनेट मोकळं आहे. तुमच्या घरी ज्यांना ‘ते असलेच’ म्हणायचे, त्यांच्यातलं कुणी कधी आडवेळी उपयोगी पडलं का, एवढंच लिहा. नावं नकोत.

सुरुवात मी करते. माझे बाबा दर एक नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या (आमचा मराठी भाग कर्नाटकात गेला, त्याच्या निषेधाच्या) सायकल फेरीला जातात. संभाजी उद्यानापासून, दंडाला काळी फीत लावून. बाबांना कन्नड झकास येतं, फक्त एक तारखेला येत नाही. तीन वर्षांमागे फेरीहून घरी येताना वळणावर सायकल घसरली, कपाळ फुटलं. त्याच वेळी चन्नम्मा सर्कलकडून राज्योत्सवाची (कर्नाटकाचा स्थापना दिन, तोही एक तारखेलाच) पोरं घरी परतत होती, गळ्यात कन्नड झेंड्याच्या लाल-पिवळ्या शाली. बाबा म्हणतात, “मला वाटलं, आता हे हसणार.” त्यातल्या एकानं गाडी थांबवली, गळ्यातली शाल काढली आणि बाबांच्या डोक्याला करकचून बांधली. बाबा उठायला बघत होते, तर म्हणाला, “काका, सुम्न कूड्री.” गप बसा. मग गाडीवर मधे बसवलं, मागे दुसऱ्यानं धरलं. दवाखान्यात टाके पडेपर्यंत दोघं बाकावर बसून होते. मी पोचले तेव्हा बाबांच्या दंडाला काळी फीत आणि डोक्याला पिवळं-लाल. नर्सबाई एकदा वर बघायच्या, एकदा खाली. मी कागद भरण्यात गुंतले, तेवढ्यात पोरं निघून गेली.

बसवाण गल्ली
काय सांगूलालीस बे! बाबांचा फोटो काढायचा होतास की.

निपाणीची सून
२०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं आणि ट्रकांची रांग लागली. आमच्या आजेसासू म्हणाल्या, हा रस्ता असा थांबलेला मी १९८१ ला तंबाखूच्या आंदोलनात बघितला होता. ट्रकवाले म्हटलं की आमच्याकडं पोरींना आत घेऊन दार लावायची पद्धत. गल्लीतल्या बायकांनी (निम्म्या विड्या वळणाऱ्या, त्यांना रोजंदारी बुडवणं परवडत नाही, तरी) पूरग्रस्तांसाठी चूल मांडली. दुसऱ्या दिवशी भाजी संपली. एक तमिळ ड्रायव्हर आला, त्याच्या गाडीत टोमॅटो. आम्हाला त्याची भाषा येईना, त्याला आमची. माल कुजणारच होता, मग दिला तर काय मोठं, असं कुणीही म्हणेल. पण त्यानं आधी मालकाला फोन लावला, अर्धा तास हुज्जत घातली, होकार आला तेव्हाच ताडपत्रीची दोरी सोडली. मग पातेल्यापाशी बसून स्वतः चिरायला लागला. आमच्यापेक्षा बारीक चिरत होता. आजेसासूंनी त्याला विळी देऊन बघितली, ती मात्र त्याला जमली नाही.

खानापूर जंगलकडचा
माझं थोडक्यात. आजीच्या पेन्शनचा फॉर्म, सगळा कन्नडमधून. खिडकीतल्या बाईंना मराठी येतं हे आम्हाला ठाऊक होतं, आणि त्या बोलणार नाहीत हेही आम्हीच ठरवलेलं. त्यांनी डबा बाजूला ठेवून फॉर्म भरून दिला आणि पुढच्या वेळी काय काय आणायचं ते चिठ्ठीवर मराठीत लिहिलं. ‘रेशन कार्ड’मधला र कन्नड वळणाचा झालाय. आजीनं ती चिठ्ठी पासबुकात ठेवलीय.

सडेतोड
बाई चांगल्या, मान्य. पण फॉर्म मराठीत मिळाला असता तर त्यांना डबा बाजूला ठेवावा लागला नसता. एका माणसाच्या चांगुलपणावर आमचा हक्क भागवू नका.

शहापूरची लेक
@सडेतोड, बरोबर आहे. बाबाही हेच म्हणतील, आणि फेरीला जायचं ते काही सोडणार नाहीत.

बसवाण गल्ली
ते राहू दे, शालीचं काय झालं?

शहापूरची लेक
आईनं दोनदा धुतली, पिवळ्यावरचा डाग फिका झालाय, गेला नाही. पोरांचा नंबर घ्यायचा राहिला. बाबा दर वर्षी फेरीला जाताना ती पेपरात गुंडाळून सायकलच्या पिशवीत टाकतात. वरून पाण्याची बाटली ठेवतात, कुणाला दिसू नये म्हणून. परतताना त्या वळणावर थोडा वेळ थांबतात.