मदत हवी आहे: विजेचा कार्बन मोजताना सरासरी धरू की मार्जिनल (म्हणजे जादा वापरलेल्या युनिटमागे वाढणारा)?

मंडळी, जरा मदत हवीये. आमचं एक जड कम्प्युटिंगचं काम कुठल्याही देशातल्या सर्व्हरवर टाकता येतं, म्हटलं जिथली वीज कमी कार्बनवाली तिथे टाकू. ढोबळ चित्र कळतंय, नॉर्वेत बहुतेक सगळी पाणवीज, फ्रान्समध्ये साधारण दोन तृतीयांश अणुवीज म्हणून युनिटमागे १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्याही खाली, आणि पोलंडमध्ये कोळसाच जास्त त्यामुळे आकडा कितीतरी पट.

गाडी अडलीये ती पुढे. सौर भरपूर असलेल्या ग्रिडचा आकडा दुपारी पार खाली येतो आणि सूर्य मावळून गॅस-कोळशाचे प्लांट चढले की परत वर, वार्षिक सरासरीत हे सगळं गडप होतं (आणि कंपन्यांच्या रिपोर्टमध्ये नेमकी तीच सोयीची सरासरी असते). बरं, मी जादा लोड टाकला आणि अणुवीज आधीच फुल चालू असेल तर तो भागवायला गॅसच वाढणार ना, मग मार्जिनल आकडा धरायला नको का? शेजारच्या देशातून आयात होणाऱ्या विजेचा कार्बन कुणाच्या खात्यात? प्रत्यक्ष हे काम केलेल्या कुणी सांगा, तुम्ही कुठला आकडा धरता आणि का, तासागणिक डेटा फुकट कुठे मिळतो तेही सांगा.