१४५३ साली युरोपातील प्रबोधन सुरू झाले, हे म्हणणे कितपत बरोबर आहे?

प्रश्न
१४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तिथले ग्रीक विद्वान हस्तलिखिते घेऊन इटलीत आले आणि प्रबोधनाला सुरुवात झाली, असे आपण शाळेत पाठ केलेले असते. फ्लॉरेन्सचा इतिहास वाचताना मात्र मला याचा मेळ लागेना, कारण तिथल्या कॅथीड्रलचा प्रचंड घुमट १४३६ मध्येच पूर्ण झाला होता आणि चित्रातील यथादर्शनाचे, म्हणजे पर्स्पेक्टिव्हचे, नियम इटालियन वास्तुविशारद व लेखक अल्बेर्तीने १४३५ मध्येच लिहून ठेवले होते. शिवाय कलेतील बहर आणि विज्ञानातील प्रगती यांचा खरोखर परस्परसंबंध होता, की केवळ काळ एक म्हणून आपण त्यांना एकाच नावाखाली बांधतो?

प्रतिसाद १
आपली शंका रास्त आहे. इटालियन कवी पेट्रार्कला प्राचीन रोमन वक्ता सिसेरोची विस्मृतीत गेलेली पत्रे व्हेरोनाच्या ग्रंथालयात सापडली ती १३४५ मध्ये, आणि बायझंटाइन (कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक साम्राज्यातील) विद्वान मॅन्युएल क्रिसोलोरास फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवू लागला तो १३९७ मध्ये. १४५३ नंतर आलेल्या विद्वानांचे काम मोलाचे होतेच, पण त्यांना इटलीत ग्रीक जाणणारे वाचक आधीच तयार मिळाले. त्याही मागे गेल्यास बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडोत अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे होत होती, तेव्हा मध्ययुगाला सरसकट अंधारयुग म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद २
दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. हस्तलिखितातील मजकूर नकलकार बऱ्यापैकी जपत असे, आकृती मात्र प्रत्येक नकलेत थोडी थोडी बिघडत जाई. छपाई आल्यावर एकाच लाकडी ठशावरून तेच चित्र शेकडो वाचकांच्या हाती जाऊ लागले. शरीररचनेचा अभ्यासक व्हेसेलियस याने त्या विषयावरील आपल्या ग्रंथाचे ठसे व्हेनिसमध्ये कोरून घेतले, ते आल्प्स ओलांडून स्वित्झर्लंडमधील बाझेलला पाठवले आणि १५४३ मध्ये तिथे ग्रंथ छापला. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असे प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनने प्राण्यांच्या विच्छेदनावरून लिहून ठेवले होते. तो एकाच हाडाचा आहे, हे आता पान उघडून कोणालाही ताडून पाहता येऊ लागले. चित्रकाराचा हात इथे शोभेसाठी नव्हता, पुराव्यासाठी होता.

प्रतिसाद ३
याला एक मर्यादा घालावीशी वाटते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथही १५४३ चाच, पण त्यामागे चित्रकला नाही, प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या गणिताशी वर्षानुवर्षे घातलेली झटापट आहे. म्हणून संबंध सर्वत्र शोधू नये.

जिथे तो आहे तिथे मात्र थक्क करणारा आहे. १६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहून रेखाटला, तेव्हा त्याच्या कागदावर उजेड-अंधाराच्या सीमेची वेडीवाकडी रेघ आणि काही काळसर डाग तेवढे उमटले. त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलिलिओने तीच सीमा पाहिली, आणि अंधाऱ्या भागात सुटे चमकणारे ठिपके हळूहळू मोठे होत उजेडाला मिळतात, हे टिपले. पहाटे दरी अंधारात असताना शिखरावर ऊन पडते, तसेच हे आहे, म्हणजे चंद्रावर पर्वत आहेत, असा अर्थ त्याने लावला. चित्रकला शिकलेल्या गॅलिलिओला छायेवरून उंचसखलपणा वाचण्याची सवय होती, आणि चंद्राची चित्रे त्याने छायाप्रकाश भरून स्वतः रंगवली.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. हॅरियट आणि गॅलिलिओ यांची चित्रे आता शेजारी ठेवून पाहणार आहे. १४५३ हे साल मी टिपणातून खोडत नाही, पण त्याच्या वर १३९७ लिहून ठेवले आहे.