सड्यावर खुंट्यांचा भरवसा धरू नये

हॅमॉक (दोन टोकांना बांधून झोपायचा कापडी झोळा) टांगायला झाडे नसतील तिथे दोन खांब आणि जमिनीतल्या खुंट्यांना बांधलेल्या ताणदोऱ्यांवर उभा राहणारा हलका हॅमॉक-स्टँड पुरेसा आहे, असे सुचवले जाते. मातीच्या माळावर ते मान्य. पण इथे प्रश्न कोकणातल्या राजापूरकडच्या सड्यावरील, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरील, मुक्कामाचा आहे आणि तिथल्या जांभ्यात खुंटी दोन बोटेही शिरत नाही. हॅमॉकची दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करते तेव्हा ८० किलोच्या माणसामुळे प्रत्येक बाजूला साधारण ८० किलोचाच ताण येतो, आणि हौसेने ताठ बांधून कोन १५ अंशांवर आणला की तो दीडशेच्या पुढे जातो. दगड रचून दाबलेल्या खुंटीने तो पेलावा ही अपेक्षाच अवास्तव आहे. म्हणून तिथे आडव्या दांड्यानेच ताण पेलणारा, खुंट्यांची गरज नसलेला स्टँड न्यावा. तो जड असतो, पण गाडी जागेपर्यंत जात असेल तर तक्रारीला वाव नाही. जांभ्याच्या खडबडीत छिद्रांत नळीची टोके अडकून स्टँड तिरका बसतो, तेव्हा पायांखाली जुन्या टायरचे तुकडे घालावेत. मात्र त्याआधी जागा नीट पाहावी, कारण या सड्यांवर कातळशिल्पे, म्हणजे दगडात कोरलेली प्राचीन चित्रे, आहेत आणि स्टँड त्यांवर टेकता कामा नये. उघड्यावरचा वारा पाठीखालून लागतो, त्यासाठी हॅमॉकमध्ये फोमची चटई अंथरावी.