भोकं पडलेले बूट

"अमेरिकेत पैसेवालाच निवडून येतो" हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. जून २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स-क्वीन्स भागात अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, खासदार जो क्राउली यांना हरवलं. क्राउली दहा वेळा निवडून आलेले, पक्षाचे बडे नेते, पैसाही कितीतरी जास्त. बाई त्याआधी बारमध्ये काम करत होत्या. प्रचारातल्या बुटांचा फोटो त्यांनी नंतर टाकला होता: तळ झिजून भोकं पडलेली. किती दारं ठोठावली असतील! प्रायमरीला मतदार कमी येतात, म्हणून तिथे पायपीट कामी येते. फरक जेमतेम ४,००० मतांचा होता.

न्यूयॉर्क शहराच्या निवडणुकीत तर रहिवाशाने दिलेल्या १० डॉलरमागे पालिका ८० घालते. २०२५ मध्ये महापौरपदी निवडून आलेल्या झोहरान ममदानींना त्याचा मोठा आधार मिळाला.

पण पैशाच्या जोराबद्दलची तुमची भीतीही खरी आहे. सेंट लुईसच्या कोरी बुश २०२० मध्ये अशाच जिंकल्या आणि २०२४ मध्ये बाहेरच्या गटांनी त्यांच्याविरुद्ध लाखो डॉलर ओतल्यावर प्रायमरीतच हरल्या. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं.