वाडीची शाळा मोठ्या गावातल्या शाळेत विलीन करणार म्हणत्यात, काय करावं?

शाहूवाडीकर_७१:
मंडळी, आमच्या वाडीतली मराठी शाळा पहिली ते चौथी, पट १३, गुरुजी दोन. इमारत जुनी, मंगलोरी कौलं, एका खोलीचा वासा वाळवीनं पार पोकळ केलाय म्हणून पोरं सगळी एकाच खोलीत, आणि पावसात तिथंबी घमेली ठेवाय लागत्यात. आता कळतंय की खालच्या गावात नवीन खोल्या, डिजिटल वर्ग, संडास असं सगळं करून आजूबाजूच्या वाड्यांतली पोरं तिकडं न्यायची. गावात दोन तट पडल्यात. तुमच्याकडं झालंय का असं कुठं?

गगनबावडा_एक्स्प्रेस:
भावा, अंतर किती? पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत पायजे, सहावी ते आठवी ३ च्या आत, आरटीईच्या म्हंजे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमात हाय. आणि अंतर उन्हाळ्यात मोजू नका, जुलैत मोजा. कागदावर आठशे मीटर दिसतंय आणि मधी ओढा असतोय.

निवृत्त_गुरुजी:
इमारत पडायला आली हा एक विषय, शाळा बंद करणं हा दुसरा. लोक दोन्ही एकात कालवतात आणि तिथंच गाव फसतं. धोकादायक खोलीचं निर्लेखन करून, म्हणजे ती वापरातून रद्द झाल्याची नोंद करून, तिथंच नवीन खोली मागता येते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळं नुसती मुख्याध्यापकांची सही चालवून घेऊ नका. पडक्या खोलीत पोरं बसवू नका मात्र, तोवर समाजमंदिरात वर्ग भरवा. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या जिल्ह्यात पोरीची शाळा ओढ्यापलीकडं गेली म्हणून सुटावी?

आई_दोन_लेकरांची:
गुरुजी, तुमचं पटतंय पण १३ पोरांत माझी पोरगी चौथीत एकटीच हाय, खेळायला ना स्पर्धेला कोण. गुरुजी एक ट्रेनिंगला गेले की दुसरे चार वर्ग एकटेच सांभाळत्यात. मला मोठी शाळा चालंल, पण गाडी दारात आली पायजे.

गगनबावडा_एक्स्प्रेस:
ताई बरोबर बोलल्या. २०२३ ला सरकारनं २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हंजे छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करायचे, प्रस्ताव मागवले तेव्हा पानशेत आणि तोरणमाळच्या अशा शाळांची उदाहरणं दिलेली. पानशेतला पोरं आणायला बस होती. ती बस कोण देणार, डिझेल कोण घालणार, हे लेखी घ्या. नाहीतर दोन वर्षं गाडी येती, तिसऱ्या वर्षी टेंडर अडकतंय.

शाहूवाडीकर_७१:
ओढा हाय, जुलैत तीनचार दिवस तरी पलीकडं जाताच येत नाही. म्हंजे ठरावात दोन मुद्दे घालतो, आधी खोलीचं निर्लेखन आणि नवी खोली, आणि विलीन करायचंच असेल तर गाडी लेखी. गुरुजी, मसुदा इथं टाकला तर नजर टाकाल काय?

निवृत्त_गुरुजी:
टाका की. आणि खोलीचे फोटो तारखेसह जोडा, तो वासा जवळून दिसला पायजे.