मदत हवी आहे: मॅनहॅटनमधील नागरिकांच्या खुल्या केबल वाहिन्यांचा आरंभकाळ

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात जुलै १९७१ मध्ये सामान्य नागरिकांसाठी खुल्या झालेल्या केबल वाहिन्यांवर मी एक दीर्घ लेख लिहीत असून त्यासाठी मला जाणकारांची मदत हवी आहे. केबल कंपन्यांशी करार करताना शहराने काही वाहिन्या रहिवाशांसाठी राखून ठेवण्याची अट घातली आणि १९७१ मध्येच माहितीपटकार जॉर्ज स्टोनी व त्यांच्या सहकारी रेड बर्न्स यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात ऑल्टरनेट मीडिया सेंटर हे नागरिकांना व्हिडिओ-माध्यम वापरायला शिकवणारे केंद्र स्थापन केले. कॅनडातील लोकसहभागाच्या चित्रपट-उपक्रमाचा अनुभव स्टोनी यांच्या गाठीशी होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कायद्याची बाजू मला बऱ्यापैकी उलगडली आहे: अशा वाहिन्या केबल कंपन्यांना सक्तीच्या करणारे अमेरिकेचे १९७२ चे संघीय नियम, सर्वोच्च न्यायालयाच्या १९७९ च्या निकालाने त्यांची गेलेली सक्ती आणि अशा वाहिन्या मागण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाला देणारा १९८४ चा केबल कायदा. अडचण आहे ती माणसांपाशी पोहोचण्याची. जो आधी मागेल त्याला आधी प्रक्षेपणाची वेळ, या पद्धतीत प्रत्यक्षात कोण पुढे येत असे आणि कोण मागे राहत असे?

त्या काळच्या अर्ध्या इंची उघड्या रिळांवरील चित्रफिती वयोमानाने चिकट होतात, त्यामुळे हे काम लांबवता येण्याजोगे नाही. अशा फितींचे अंकीय रूप किंवा तेव्हाच्या कार्यकर्त्यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती कोणत्या ग्रंथालयात पाहता येतील आणि दूरच्या अभ्यासकाने तिथे अर्ज कसा करावा, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?