व्ही-क्रॉस घेतोय, यादीतलं काय काय कापू?

देवगडकर
मंडळी, इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस (मागे उघडा हौदा असलेला पिकअप) घ्यायचं नक्की झालंय. १.९ लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. टोयोटाची हायलक्सही चालवून बघितली, २.८ चं इंजिन जबरदस्त आहे, पण बजेट तिथवर पोचत नाही. बाग डोंगरउतारावर. डांबर संपलं की जांभ्याचा कातळ, मग लाल माती, मधे एक वहाळ (ओढा). खत, फवारणीचा पंप, पाइप असं सामान न्यायचं. अधूनमधून गगनबावड्याने कोल्हापूर. ॲक्सेसरीवाल्याने यादी दिलीय: बुलबार (पुढचा लोखंडी दांडा), विंच (गाडी ओढून काढायची तारेची गुंडाळी), टपावर एलईडी बार, स्नॉर्कल (इंजिनाची हवा टपाजवळून घेणारी नळी), दोन इंच लिफ्ट (गाडी उंच करणं), हौद्यावर रोलर झाकण. बेरीज ऐकून बायको नुसती बघत राहिली. यातलं खरंच काय लागतं?

घाटवाट
बुलबार आधी खोडा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून यावर कारवाई करायला सांगितलंय. दंडाचं सोडा, पुढून ठोकर बसली की एअरबॅगच्या सेन्सरचं गणित त्याने बिघडू शकतं. टपावरचा बारही नको. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या शिव्या वेगळ्या.

पाटेवाला
देवगडकर, पैसे पहिले टायरवर घाला. कंपनीचे २५५/६० आर १८ रस्त्याचे टायर आहेत, लाल मातीत त्यांच्या खाचा भरल्या की गाडी साबणावर ठेवल्यासारखी होते. त्याच रिमवर २६५/६० चे ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) बसतात. व्यास दीड टक्क्याच्या आसपास वाढतो, स्पीडोमीटरला फारसा फरक पडत नाही. मड-टेरेन (खास चिखलाचे) घेऊ नका. घाटात ओल्या डांबरावर ब्रेक मारल्यावर कळेल का ते. आणि टायर पाच घ्या, स्टेपनीसकट. ही पार्ट-टाइम फोर बाय फोर आहे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नाही. एक चाक लहान असताना फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाचा गिअर) लावलं की ताण सगळा ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवर. याच कारणाने कोरड्या डांबरावर फोर-हाय लावायचंच नाही.

दुसरं, चांगला कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज. चिखलात हवा २० पीएसआयवर आणली तर रुतलेली गाडी बहुतेकदा तशीच निघते. पण डांबरावर चढायच्या आधी परत भरायची, म्हणून कॉम्प्रेसर. सोबत एक कायनेटिक दोर (ताणला जाणारा, गाडी ओढायचा), दोन शॅकल (दोर अडकवायच्या कड्या), फावडं. दोर चेसिसच्या हुकालाच लावायचा. ट्रेलरच्या गोळ्याला अजिबात नाही, तो तुटून उडाला तर माणूस जातो.

विंच कशाला? बागेत शेजाऱ्याचा ट्रॅक्टर असेलच. लोखंडी बंपर आणि विंच मिळून शंभरेक किलो पुढच्या चाकांवर, आणि तेवढंच खत हौद्यातून कमी. आरसीवरच्या एकूण वजनातून गाडीचं आणि माणसांचं वजन वजा करून बघा. हौदा टनभराचा दिसतो, पण कागदावर उरतं ते फार थोडं. या यादीतला प्रत्येक नग त्यातूनच खातो.

घाटवाट
लिफ्टबद्दल: जमिनीपासून उंची २२५ मिमी आहेच. खरी अडचण लांबीची, जवळपास ५.३ मीटर. गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) बोळात वळताना तीन दमात वळाल, तिथे लिफ्ट काय करणार? पोट कातळाला टेकतं व्हीलबेसमुळे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतल्या लांब अंतरामुळे. इंजिनखाली जाड पत्र्याचा गार्ड घाला, पुरे. सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकालही आहेच: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. क्लेमच्या वेळी विमावाले नेमकं हेच काढतात.

देवगडकर
पटलं. पण स्नॉर्कल? आणि झाकण? पाऊस आमच्याकडे आडवा येतो हो.

खताची_गोणी
वहाळात पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबा, उतरेल तासाभरात. स्नॉर्कल असला म्हणून वाहतं पाणी गाडीला ढकलायचं थांबत नाही.

झाकणाबद्दल माझं मत बाकीच्यांहून वेगळं. रोलर दिसतो छान, पण त्याची गुंडाळी हौद्यातली पुढची वीतभर जागा खाते आणि जांभ्याची बारीक धूळ रुळात बसली की तो अडकतो. कॅनोपीत (हौद्यावरच्या बंद टपात) पंप उभा राहत नाही. मी साधी ताडपत्रीसारखी घडीची सॉफ्ट लिड वापरतो, गोणी भरताना काढून फेकायची. आत रबर मॅट आणि पाणी जायची भोकं मोकळी. खत सांडलं तर त्याच दिवशी धुवा, पत्रा खातं ते. पावसाळ्याआधी चेसिसला अँटी-रस्ट मारा, देवगडची खारी हवा सोडत नाही.

रिकाम्या हौद्याने मागचे पाटे उडतात, कोल्हापूरला जाताना दोन गोण्या राहू द्या.

पाटेवाला
एक राहिलं. बीएस-६ (प्रदूषणाचा नियम) गाडी आहे, डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर येतो. नुसतं घर-बाग-घर केलंत तर काजळी साठेल. दिवा लागला की इंजिन बंद न करता हायवेला वीसेक मिनिटं एकसारखी चालवा.

देवगडकर
म्हणजे टायर, कॉम्प्रेसर, दोर, गार्ड, सॉफ्ट लिड. सीझनला शेजाऱ्यांच्या पेट्याही भाड्याने वाशीला नेल्या तर चालेल का?

घाटवाट
पांढऱ्या पाटीवर भाडं मारता येत नाही. त्यासाठी इसुझूचीच एस-कॅब घ्या, पिवळ्या पाटीची. पण तिला फोर बाय फोर नाही, वहाळाला बांधून ठेवावी लागेल.